मदत हवी आहे: कुरण एक, घोडे तीन आणि तिघांचं पथ्य वेगळं

माळकरी

नमस्कार मंडळी,

भोर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आमची साडेतीन एकर पडीक जमीन आहे. चहूबाजूंनी दगडी गडगा, त्यावर काटेरी तार. हरळी, मारवेल आणि वरच्या अंगाला पवना-कुसळी. जूनपासून गवत इतकं माजतं की चरणारी तोंडं कमी पडतात आणि फेब्रुवारीनंतर नुसती ढेकळं. इथे सध्या तीन घोडे नि एक शिंगरू सामायिक चरतात. मालकही तीन, खर्च वाटून घेतो.

माझा घोडा रेसचा निवृत्त थरोब्रेड, वय विशीच्या पुढे. एवढ्या गवतात उभा असूनही बरगड्या मोजून घ्याव्यात. गवत तोडतो, चघळतो आणि ओले गोळे खाली टाकून देतो.

दुसरी शेजारच्या अण्णांची पांढरी घोडी, वरातीची. आषाढीला लग्नं थांबली की तुळशीच्या लग्नापर्यंत तिला काडीचं काम नसतं आणि नेमकं तेव्हाच गवत कमरेला लागतं. मानेवर चरबीची वळी आली आहे, हाताला टणक लागते. परवा नालबंदाने तिच्या टापेवरच्या कड्या दाखवल्या, पुढे जवळजवळ आणि टाचेकडे फाकत गेलेल्या. त्याने तोंड वाकडं केलं, बोलला काहीच नाही. अण्णांचं म्हणणं, "घोडी भरलेली दिसली पाहिजे, रोडावली तर गिऱ्हाईक नाक मुरडतं."

तिसरी मावसभावाची काठेवाडी घोडी. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेतून गाभण आणली होती, आता खाली मोठं होत चाललेलं शिंगरू आहे. तिला किती घातलं तरी पुरत नाही.

म्हणजे एकीला आवरायचं, एकाला भरवायचं आणि एकीला दोन जिवांचं घालायचं. वेगवेगळं बांधून पाहिलं. म्हातारा दिवसभर खिंकाळत तारेच्या कडेने येरझाऱ्या घालतो, अंगावर आहे तेही घालवतो. एकत्र ठेवून हे जमवणारं कुणी आहे का?

ढवळ्यापवळ्या

माहिती काहीच नाही, पण आमच्या वरातीत मामांनी घोडीला बुंदीचे लाडू चारले होते. अण्णांच्या घोडीची वळी कुठून आली ते मी सांगू शकतो. चालू द्या.

गुरांचा_डॉक्टर

माळकरी, बाकीचं नंतर. आधी आज संध्याकाळी पांढऱ्या घोडीच्या चारही टापांना हात लावून बघा. गरम लागतात का? मग घोट्याच्या मागे, दोन्ही बाजूंना, बोटं टेकवून नाडी शोधा. निरोगी घोड्यात ती मुश्किलीने सापडते. ठणठण उडत असेल, किंवा घोडी पुढचे पाय पुढे टाकून अंग मागे रेलून उभी राहत असेल, तर चराई त्या क्षणी बंद आणि डॉक्टर त्याच दिवशी. तो लॅमिनायटिस असतो. टापेच्या आत हाडाला धरून ठेवणारा थर सुजतो आणि फार लांबलं तर हाड फिरतं. फाकलेल्या कड्यांचा अर्थ बहुतेक वेळा असा की हलका झटका आधी येऊन गेला आहे.

दुसरं, वजन. काटा नसला तरी टेप चालते. छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं. अंदाजच असतो, पण दर पंधरवड्याला त्याच माणसाने त्याच टेपने मोजलं तर चढउतार नक्की कळतो.

तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं: अण्णांना पटलं की ते उद्यापासून घोडी उपाशी बांधतील. तसं करू देऊ नका. लठ्ठ घोडी किंवा तट्टू एकदम उपाशी राहिलं की अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत बसतं आणि जनावर जातं. रोज वजनाच्या दीड टक्का सुका चारा पोटात गेलाच पाहिजे.

म्हाताऱ्याचे गोळे म्हणजे दात. आधी दात तपासून घ्या, मग खुराकाचं बोलू. वय बघता कुशिंग्जची, म्हणजे म्हाताऱ्या घोड्यांना होणाऱ्या हार्मोनच्या आजाराची, रक्ततपासणीही करा. तुमच्यापासून शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय लांब नाही.

माळकरी

डॉक्टर, धन्यवाद. टापा गार आहेत, नाडी चाचपडूनच सापडली. अण्णांच्या घोडीचा घेर १७२, लांबी १५०. म्हणजे साधारण ३७३ किलो. उंचीच्या मानाने फारच झालं. दीड टक्का म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. पण ती चरते किती हे मोजायचं कसं? सध्या दिवसातून तीनच तास सोडावं असा विचार आहे.

यॉर्कशायरची_सून

इथे आमच्या यार्डात नऊ घोडी एका रानावर असतात, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं. तीन तासांचा हिशोब फसतो. घोड्यांना कळतं की वेळ थोडा आहे, मग ती मान वर न करता ओरबाडतात. तीन तासांत दिवसाच्या खाण्याचा मोठा हिस्सा उरकलेला असतो. वेळ तोडण्यापेक्षा तोंडाला आवर घातलेला बरा. इथे त्यासाठी जे विकत मिळतं ते म्हणजे आपल्या बैलांचं मुसकंच, फक्त तळाला एक भोक. एक-दोन काड्या वर येतात, तेवढ्याच तोडता येतात. दिवसभर चरल्याचं समाधान आणि पोटात निम्म्याच्या आत-बाहेर.

अटी मात्र पाळा. गवत भोकातून वर येईल इतकं उंच हवं. पण फार उंच असेल तर आडवं होतं आणि काहीच मिळत नाही. मुसकं घालून पाणी पिता येतं का हे तुमच्यासमोर बघून घ्या. दहा-बारा तासांच्या वर घालू नका. आणि अडकलं तर तुटेल असा एक कच्चा बंद ठेवा.

एक फरक सांगते. इथलं राय गवत फ्रुक्टान नावाची साखर साठवतं आणि त्याला मर्यादाच नाही, म्हणून वसंतात आमची झोप उडते. तुमची हरळी, मारवेल ही उष्ण हवेतली गवतं. ती स्टार्च साठवतात आणि एका पातळीला थांबतात. त्यामुळे तुमच्याकडे धोका कमी आहे, नाही असं नाही. दिवसभर उन्हात गवतात साखर चढत जाते आणि रात्री गवत ती वाढीला वापरतं, म्हणून लठ्ठ घोडीला पहाटे सोडा, संध्याकाळी नको.

तापीकाठ

राम राम माळकरीदादा. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घोडी आहेत, तर चार गोष्टी सांगतो.

कुरण घोड्यांत वाटू नका, गवत वाटा. गडग्याच्या आतून चौफेर बारा-पंधरा फुटांची वाट सोडा आणि आतल्या अंगाला झटका मशीनची तार ओढा. पांढरी घोडी वाटेवर, बाकीची मंडळी आत. सगळी एकमेकांना दिसतात, नाकाला नाक लागण्याइतकी जवळ असतात, म्हातारा ओरडणार नाही. वाटेवरचं गवत ती थोड्या दिवसांत संपवेल, मग तिथे वाळलेलं गवत जाळीत बांधून चार ठिकाणी लांब लांब टांगा आणि पाणी दुसऱ्या टोकाला. खाण्यासाठी चालेल, चालली की उतरेल. तुमच्याकडे पाऊस जास्त, वाटेचा चिखल होणार, तेव्हा वळणांवर आणि पाण्यापाशी मुरूम टाका.

झटक्याची बारीक तार घोड्याला दिसत नाही. दर पाच-सहा फुटांवर पांढऱ्या कापडाची चिंधी बांधा. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो आणि मशीन नुसती टिकटिकते. तारेखालचं गवत दर आठवड्याला कापावं लागेल, त्याला पर्याय नाही. आणि ती काटेरी तार शिंगराच्या उंचीवरून तरी काढा. खेळता खेळता शिंगरू त्यात गेलं तर कातडी सोलून निघते.

खुराक द्यायला तोबरा आहे की, तोंडाला बांधायची खाण्याची पिशवी. म्हाताऱ्याला आणि दुधाच्या घोडीला एकाच वेळी तोबरे चढवा, पांढरीला मूठभर भिजवलेलं गवत घालून रिकामा चढवल्यासारखा चढवा, नाहीतर ती तारेवर येऊन दंगा करते. शिंगरासाठी कोपऱ्यात चार बांबू रोवून वर एक आडवा बांधा. शिंगरू खालून जातं, आई अडकते. त्याचं खाणं तिथे ठेवायचं.

माळकरी

तापीकाठदादा, वाटेची कल्पना एकदम पटली. झटका मशीन रानडुकरांसाठी घेतलेली पडूनच आहे.

दुधाच्या घोडीचं विचारतो. मावसभाऊ तिला रोज कापलेलं संकरित नेपियर घालतो, भरपूर, आणि वर गव्हाचा कोंडा दोन वेळा. कधीकधी गोठ्यातलं गाईचं पशुखाद्यही. दूध वाढेल म्हणून. हे चालू ठेवावं ना?

गुरांचा_डॉक्टर

नाही. बरं झालं विचारलंत, कारण मला आता पांढरीपेक्षा या घोडीची काळजी वाटते.

नेपियरमध्ये ऑक्झॅलेट असतं. ते चाऱ्यातलं कॅल्शियम धरून बसतं आणि घोड्याच्या आतड्यात ते सुटत नाही. गाईच्या पोटातले जंतू ऑक्झॅलेट मोडतात, त्यामुळे तेच गवत गाईला पचतं. घोड्याचं पोट वेगळं. त्यावर कोंडा म्हणजे फॉस्फरसचा मारा. कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त आणि वर अंगातून रोज दूध जातंय. शरीर मग हाडांतून कॅल्शियम काढतं. सुरुवातीला नुसती लंगडल्यासारखी चाल, कधी या पायात कधी त्या, कुठे दुखतं ते सापडत नाही. पुढे जबड्याची आणि नाकाच्या वरची हाडं फुगतात, दात हलतात. चेहरा मोठा दिसायला लागेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं.

काय करायचं: नेपियर पूर्ण बंद करता आलं तर उत्तम, नाहीतर थोडं आणि बाकी चराई. कोंडा जवळजवळ बंद. त्याऐवजी लसूणघास द्या, त्यात कॅल्शियम भरपूर. दुधाच्या घोडीला सुका हिशोब धरून वजनाच्या तीन टक्क्यांपर्यंत खाणं लागतं, त्यात लसूणघास चांगला वाटा उचलतो. शिवाय कॅल्शियमचं खनिज मिश्रण, प्रमाण प्रत्यक्ष घोडी बघून ठरवू. बदल एका रात्रीत नको, आठ-दहा दिवसांत हळूहळू. आत्ता तिच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवा, सारख्या लागतात का बघा.

आणि पशुखाद्य आजपासून बंद, अगदी चिमूटसुद्धा नको. गाईंच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याच्या हृदयाला थोड्या मात्रेतही मारक ठरतं. पोत्यावर लिहिलेलं असेल याची खात्री धरू नका. गोठ्यातली पोती घोड्यांच्या वाऱ्यालाही नकोत.

लसूणघास पांढरीला मात्र दाखवूसुद्धा नका.

यॉर्कशायरची_सून

म्हाताऱ्यासाठी भर घालते. डॉक्टरांनी दातांच्या धारदार कडा कानशीने घासून दिल्यावरही लांब गवत चावता येत नसेल तर लसूणघासाच्या कांड्या पाण्यात भिजवून मऊ लगदा करून घाला, दिवसातून तीन-चार वेळा. वजनासाठी दाणा वाढवण्यापेक्षा साधं गोडंतेल चांगलं, दोन चमच्यांपासून सुरू करून हळूहळू वाढवायचं. जवस घालणार असाल तर शिजवूनच.

लीद उचलता का? घोडी जिथे लीद टाकतात तिथलं गवत खात नाहीत आणि उरलेलं मुळापर्यंत खरवडतात. साडेतीन एकर असले तरी खाण्याचे दोनच होतात. शेजारी गाई असतील तर घोडी हलवल्यावर त्या आत सोडा. घोड्यांनी सोडलेलं त्या खातात आणि घोड्यांचे जंत गाईत बहुतेक वाढत नाहीत.

माळकरी

थोडा उशीर झाला, पण खबर देतो. वाट आखून झाली, तार ओढली. पहिल्याच दिवशी पांढरीला नाकावर झटका बसला, नंतर तिने तारेकडे बघणं सोडलं आहे. म्हातारा आत चरतो नि ती बाहेरून त्याच्या बरोबरीने चालते. त्याच्या मागच्या दाढांना धारदार कडा आल्या होत्या, गालाला जखमा होत्या. घासल्यापासून गोळे कमी पडतात.

काठेवाडी घोडीचा जबडा सारखाच लागला. कॅल्शियमची तपासणी होईल. मावसभावाला नेपियरचं पटेना, "एवढं हिरवंगार गवत वाईट कसं?" पशुखाद्य तेवढं लगेच थांबवलं.

अण्णांना मी काही बोललो नाही, नालबंदाकडून बोलवलं. त्याने टाप हातात घेऊन एवढंच विचारलं, "तुळशीच्या लग्नाला ही उभी राहिली नाही तर किती बयाणे परत करायचे?" मुसकं दुसऱ्या दिवशी आलं. काथ्याचं आहे, भिजून नाकावर घासतं, म्हणून आतून जुन्या सतरंजीचा तुकडा शिवला आहे.

आता एकच प्रश्न. वरच्या अंगाचं राखलेलं गवत पुढच्या उन्हाळ्यासाठी कापून ठेवायचं आहे. आमच्याकडे दिवाळीनंतर कापतात.

तापीकाठ

दिवाळीनंतर कापलं तर कुसळीला कुसळं धरलेली असतात. ती घोड्याच्या जिभेत, हिरड्यांत रुततात, तुमचा म्हातारा पुन्हा खाणं सोडेल. कुसळ धरायच्या आधी, पाऊस उघडला की चार-पाच दिवस सलग ऊन बघून कापा. पवना-मारवेलचा पट्टा मागाहून, उशिरा कापला तरी चालतो. तो जाडाभरडा होतो आणि पांढरीला तसाच हवा. दोन गंज्या वेगळ्या रचा. गंजीच्या खाली दगड-लाकडं घालून जमिनीपासून उचला, बुरशी लागलेलं गवत घोड्याला अजिबात चालत नाही.

आणि मुसक्याचा फोटो टाका दादा. आमच्याकडेही एक अशीच लठ्ठ घोडी आहे.