आफ्रिकेतली तरुण मुलं देशाबद्दल नेमकं काय बोलतात?

वाचनालयवाला
तालुक्याच्या गावात आम्ही काही जण मिळून वाचनालय चालवतो. रविवारी अकरावी-बारावीची पंधरावीस मुलं गप्पांना जमतात. या महिन्याचा विषय त्यांनीच काढलाय: आफ्रिकेतले तरुण समाजाबद्दल, देशाच्या विकासाबद्दल काय म्हणतात? मी शोधाशोध केली तर एक तर दुष्काळाचे फोटो, नाहीतर 'युवाशक्ती' छापाची भाषणं. बोलणारं माणूस कुठे दिसेना. तिकडे राहिलेलं कोणी आहे का इथे? ऐकीव नको, पाहिलेलं सांगा.

नैरोबीकर_सांगलीचा
आधी 'आफ्रिका' सोडा. 54 देश आहेत, सेनेगलच्या पोरांच्या मनातलं मी काय सांगणार? मला केनिया ठाऊक, त्यातही नैरोबी. चौदा वर्षं इथे हिशेबाचं काम करतोय.

2024 च्या मे-जूनमधली गोष्ट. सरकारने फायनान्स बिल, म्हणजे करवाढीचं विधेयक, आणलं. 346 अब्ज शिलिंग जादा गोळा करायचे होते. पावावर 16 टक्के व्हॅट, खाद्यतेलावर 25 टक्के अबकारी, गाडीच्या किमतीवर दरसाल अडीच टक्के, मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या शुल्कावरचा कर 15 वरून 20 टक्के. इथे भाजीवालीसुद्धा एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरच, पैसे घेते, म्हणजे तो शेवटचा फटका सगळ्यांनाच.

आमच्याकडे एक ज्युनिअर होती, तेविशीतली, सीपीएच्या (आपल्याकडच्या सीएसारख्या) परीक्षा देणारी. तिने अख्खं बिल ऑफिसच्या प्रिंटरवर काढलं (मी कानाडोळा केला) आणि जेवणाच्या सुट्टीत पिवळ्या हायलायटरने कलमं रंगवत बसायची. तळमजल्यावर एका बाईंची चपाती-बीन्सची टपरी आहे. चपाती हा इथलाही शब्द बरं का, आपल्याकडच्या लोकांबरोबर आला आणि इथलाच झाला. पोरं 'चापो' म्हणतात. तर त्या बाईंनी विचारलं, यात माझं काय? पोरीने बिलाच्याच पाठकोऱ्या कागदावर आठवड्याचं तेल, पीठ, एम-पेसाचे पैसे मांडले आणि स्वाहिलीत समजावून सांगितलं. बाईंनी तो कागद घडी करून गल्ल्यात ठेवला. तेव्हा शहरभर हेच चाललं होतं. कोणी टिकटॉकवर आपापल्या भाषेत कलमं समजावत होतं, एकाने तर बिलाबद्दल विचारलं की उत्तर देणारा चॅटबॉटच बनवला.

मी तिला म्हटलं, अगं, रस्ते-रेल्वे कर्जावर झालेत, फेडायचे तर कर लागणारच. ती म्हणाली, "रेल्वेला माझी ना नाही. करार दाखवा." मोम्बासा-नैरोबी रेल्वे 2017 ला सुरू झाली, चिनी कर्जावर. त्या कर्जाचे करार पुढे कित्येक वर्षं लोकांना बघायला मिळाले नव्हते. मी आयुष्यभर व्हाउचर मागत आलोय, मला काय उत्तर सुचणार?

दुसरी गोष्ट, जी मला जास्त मोठी वाटते. इथे आडनाव सांगितलं की माणूस कुठल्या जमातीचा ते कळतं. आपल्याला हे समजवायला नको. 2007 च्या निवडणुकीनंतर त्यावरूनच हजारावर माणसं मेली. ही पोरं मात्र स्वतःला 'ट्राइबलेस, लीडरलेस, पार्टीलेस' (ना जमात, ना पुढारी, ना पक्ष) म्हणवत रस्त्यावर आली. पुढारीच नाही, तर फोडणार कोणाला?

18 जूनला, मोर्चाच्या दिवशीच, पावाचा आणि गाडीचा कर मागे घेतला. तरी 25 तारखेला, मंगळवारी, संसदेने बिल 195 विरुद्ध 106 मतांनी मंजूर केलं. आमची ज्युनिअर त्या सकाळी रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवून गेली होती. कारण या रकान्यात लिहिलं होतं, "घटना, कलम 37". शांततेने, निःशस्त्र जमण्याचा हक्क. दुपारी पोरं संसदेत घुसली, पोलिसांनी गोळ्या चालवल्या. आम्ही शटर ओढून आत, अश्रुधुरामुळे डोळ्यांना ओला रुमाल लावून बसलेलो. इथल्या भारतीयांची ही जुनी सवय, आधी शटर. संध्याकाळी नेट रखडलं, तिचा फोन लागेना. रात्री नऊला मेसेज आला: "घरी पोचले. एक बूट हरवला."

दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी बिलावर सही करायला नकार दिला. त्या महिन्यात डझनावारी पोरं गेली, हेही मुलांना सांगा.

वसईची_मेरी
छान लिहिलंत. त्या वेळी 'झकायो शुका' अशी घोषणा ऐकली होती. तो बायबलमधला करवसुलीवाला ना? मराठी बायबलात त्याला जक्कय म्हणतात, लूक 19. बुटका होता म्हणून झाडावर चढला, आणि येशू म्हणाला, खाली उतर.

नैरोबीकर_सांगलीचा
तोच! 'शुका' म्हणजे उतर. झकायो हे रुटो यांना ठेवलेलं नाव. मंडळी रविवारी न चुकता चर्चला जाणारी, त्यामुळे अर्थ कोणाला सांगावा लागला नाही.

रोखठोक
पण शेवटी मिळालं काय? जुलैत मंत्रिमंडळ बरखास्त केलं आणि त्यातलेच बरेच परत आले. डिसेंबरात वेगळ्या कायद्याने काही कर आलेच की.

नैरोबीकर_सांगलीचा
आले. नाकारत नाही. मीही हेच तिला म्हटलं. तर ती डिसेंबरचा कायदा छापूनच बसली होती, या वेळी हिरवा हायलायटर. "पिवळा संपला," म्हणाली. आता ती सीपीए झालीय, दुसरीकडे नोकरी करते, आणि तिच्या जागी आलेल्या मुलानेही पहिल्याच आठवड्यात मला विचारलं की आपल्या कंपनीचा कर नेमका जातो कुठे.

@वाचनालयवाला, मुलांना भाषणं नका देऊ. केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेचं बारावं प्रकरण वाचा, सार्वजनिक पैशाचं. नेटवर मिळतं. शेजारी आपल्या गावचं अंदाजपत्रक ठेवा.

वाचनालयवाला
काल दोन मुलींना घेऊन अंदाजपत्रकाची प्रत मागायला गेलो होतो. टेबलापलीकडून पहिला प्रश्न आला, "कशाला हवंय?" मी घसा खाकरेपर्यंत बारावीतली म्हणाली, "वाचायला." सोमवारी या म्हणालेत.