शिसोचे सरबत, ज्यूस की काढा?

प्रश्न
जपानमध्ये जून-जुलैत लाल शिसोची (तुळस-पुदिन्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची) पाने बाजारात आली की बऱ्याच घरांत त्यांचे गार पेय होते. मी त्याची कृती मराठीत लिहायला घेतली आणि नावापाशीच अडले. 'ज्यूस' लिहू, 'काढा' की 'सरबत'? शिसोला 'जपानी तुळस' म्हटलेले चालेल का?

प्रतिसाद
सरबतच लिहा. पाने उकळतात म्हणून काढा सुचतो, पण काढा आपण दुखण्यासाठी घेतो, तोही गरम आणि कडवट. तिकडचे लोक 'शिसो ज्यूसु' म्हणतात खरे. जपानी बोलण्यात कुठल्याही गोड थंड पेयाला ज्यूसु म्हणतात; बाटलीवर मात्र १०० टक्के फळांचा रस असेल तरच तो शब्द छापता येतो. मराठीत ज्यूस म्हणजे फळ पिळून काढलेला रस. इथे पिळायचे काहीच नाही.

३०० ग्रॅम पाने खुडून, धुऊन दीड लिटर उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटे ठेवायची. जांभळा रंग पाण्यात उतरतो, पाने हिरवी पडतात. गाळून त्यात ३०० ग्रॅम साखर विरघळवायची आणि आच बंद करून २० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालायचे. या क्षणी भांड्यावरून नजर हलवू नका! मळकट जांभळे पाणी लखलखीत लाल होते. पानांतली रंगद्रव्ये आंबट मिळताच रंग पालटतात. एक भाग हे, तीन भाग गार पाणी किंवा सोडा. अमृत कोकम करणाऱ्या घराला हे सगळे ओळखीचे वाटेल, म्हणूनही मला सरबत हा शब्द जवळचा वाटतो. शिवाय सरबत आणि सिरप हे दोन्ही शब्द 'पिणे' या अर्थाच्या एकाच अरबी धातूतून आले आहेत.

'जपानी तुळस' मात्र नको. तुळस, पुदिना आणि शिसो एकाच कुळातले, पण शिसोचा वास आणि चव निराळी. तिचा जवळचा भाऊबंद आपल्याच देशात आहे: उत्तराखंडात ज्याच्या बियांची चटणी करतात तो भंगजीर. शिसो हे नाव ज्या दोन चिनी अक्षरांत लिहितात, त्यांतले पहिले 'जांभळा' आणि दुसरे 'पुन्हा जिवंत होणे' अशा अर्थाचे. खेकडे खाऊन विषबाधा झालेल्या तरुणाला हुआ तुओ या वैद्याने ही पाने देऊन वाचवले, अशी चीनमध्ये आख्यायिका आहे. इतके बोलके नाव कशाला बदलायचे?

प्रश्नकर्ती
पटले. मग पाणी घालण्याआधीच्या दाट रसाला 'आगळ' म्हणू का?

प्रतिसाद
नको. कोकमाचे आगळ खारट असते, त्यात साखर नसते. 'पाक' म्हटले तर वाचणारा तार बघत बसेल. मी 'शिसोचा गोड अर्क' लिहीन. आणि उच्चाराची एक टीप जरूर द्या: जपानी माणसाच्या तोंडून 'शि'मधली इकार जवळजवळ ऐकूच येत नाही, 'श्सो' असे कानावर पडते. लिहिताना शिसोच.