दोन सीटची गाडी, ३४ किलोंचा बंड्या आणि ३८० किलोमीटर

अबोली_रोडस्टर
नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण कृपया पूर्ण वाचा. पंधरा दिवसांत ठरवायचं आहे.

माझ्याकडे २००२ची माझदा एमएक्स-५ आहे, एनबी पिढीतली. दोनच सीटा, कापडी छत, हातगियर. गाडी बाबांची. ते गेल्यावर माझ्याकडे आली, आणि ती विकायचा विचार माझ्या मनाला कधी शिवला नाही. बंड्या त्यानंतर आला. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डचा संकर, आता नऊ वर्षांचा. मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे काट्यावर ३४ किलो भरला.

त्याचा मागचा उजवा खुबा झिजलाय. उंच गाडीत उडी मारायची नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय. माझ्या गाडीत मात्र तो आरामात चढतो. सीट इतकी खाली आहे की तो पुढचे पाय आत ठेवतो, मी पोटाखाली टॉवेलचा झोळा धरून मागचा भार उचलते, आणि झालं.

बहिणीचं ऑपरेशन आहे. दीड महिना तिच्याकडे राहायचंय, अंतर ३८० किलोमीटर. बंड्याला मागे ठेवायचं म्हटलं तर मला झोप लागणार नाही. मागे एकदा तीन दिवस दुसरीकडे ठेवला होता, तेव्हा त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं.

रविवारी बारा किलोमीटरचा एक फेरा मारून पाहिला. नुसता गळ्यातला पट्टा होता, बाकी काही बांधलं नव्हतं. तो सीटवर आडवा बसला, ढुंगण दाराकडे आणि पुढचे दोन्ही पंजे मधल्या उंचवट्यावर. सरळ रस्त्यावर ठीक चाललं. एका वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्यात यायला हात नेला, तर गियरच्या दांड्यावर त्याची छाती रेललेली. दांडा हलेना. पोटात गोळा आला. ब्रेकवरच वळण काढलं आणि पुढे पाच मिनिटं गाडी बाजूला लावून बसले. तो माझ्या कोपरावर हनुवटी टेकवून माझ्याकडे बघत होता.

मोठं कुत्रं दोन सीटच्या गाडीतून लांब नेलेलं कुणी आहे का? बसवायचं कसं, बांधायचं कशाने, छत उघडं ठेवावं की बंद? आणि हे करूच नये असं वाटत असेल तर तसंही स्पष्ट सांगा.

डोंगरवाट
आमच्या कुत्रीला मी सीटवर न बसवता खाली, पाय ठेवतो त्या जागेत बसवायचो. समोर एअरबॅग फुटली तरी ती खाली सुरक्षित, असा माझा समज, आणि गियरलाही अडथळा नाही. गोधडी अंथरा, दहा मिनिटांत झोपतात.

पाना_बावीस
डोंगरवाट, तुमची कुत्री १४-१५ किलोंची असणार. ३४ किलोंचं जनावर त्या गाडीत पायांच्या जागेत मावणारच नाही, आणि कोंबलं तर खुब्याचं काय होईल? शिवाय या गाडीचा मधला उंचवटा लांब चालवल्यावर तापतो, त्यालाच अंग चिकटून राहणार. मी या गाड्यांवर बरीच वर्षं हात काळे केलेत, त्या कोपऱ्यात माणसाची पोटरीसुद्धा गरम होते.

ताई, सगळ्यात आधी एअरबॅग. ती पट्टा बांधून टेकून बसलेल्या मोठ्या माणसासाठी केलेली असते. फुटते ती डोळ्याची पापणी लवायच्या आत, शेकडो किलोमीटरच्या वेगाने. कुत्रं पुढे वाकून बसतं, म्हणजे त्याचं तोंड नेमकं तिच्या वाटेत. चालू एअरबॅगसमोर बंड्याला बसवायचं नाही, यात तडजोड नको. पण एनबीच्या बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग बंद करायचं कुलूप असतं. डॅशबोर्डच्या मधल्या भागात छोटं किल्लीचं भोक दिसतंय का बघा. किल्ली फिरवली की बंद असल्याचा दिवा लागतो आणि तो लागलेलाच राहिला पाहिजे. तुमच्या गाडीत ते नसेल, तर दुसऱ्या गाडीची सोय करा. वायर उपटून एअरबॅग बंद करायच्या भानगडीत कुणाच्याही सांगण्यावरून पडू नका. आणि माणूस बसेल तेव्हा किल्ली परत फिरवायला विसरू नका.

दुसरं, त्याला बांधायचं का, याचा हिशेब. ताशी ५० किलोमीटरला धडक म्हणजे जवळपास दहा मीटर उंचीवरून पडण्याइतका मार. गाडी अर्ध्या मीटरात थांबली तर ३४ किलोंचा बंड्या पट्ट्याला सुमारे ६७० किलोंच्या जोराने ओढणार. फिरायला नेतानाच्या हार्नेसची प्लास्टिकची क्लिप त्यापुढे काय टिकणार? आणि गळ्यातल्या पट्ट्याला सीटबेल्ट अडकवला तर तो सगळा जोर मानेवर. ते कधीही करू नका.

श्वानसखी
मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे हार्नेसबद्दल थोडं. दुकानात 'क्रॅश टेस्टेड' असं लिहिलेलं सगळं सारखं नसतं. अमेरिकेतली सेंटर फॉर पेट सेफ्टी ही संस्था कुत्र्याच्या वजनाचे पुतळे बसवून धडक देऊन बघते. २०१३ च्या त्यांच्या हार्नेसच्या चाचण्यांत बरेच हार्नेस कुत्र्याला धरून ठेवू शकले नव्हते. घेताना तीन गोष्टी बघा. छातीवर रुंद, गादीदार पट्टा हवा. सीटबेल्ट थेट हार्नेसमधून ओवला जायला हवा, मध्ये लांब दोरी नको, कारण दोरी जितकी लांब तितकं कुत्रं आधी पुढे फेकलं जातं. आणि बंड्याच्या वजनाला त्याची चाचणी झालेली असावी. छातीचा घेर टेपने मोजून घ्या, अंदाजाने नको.

छताबद्दल: मोठ्या रस्त्यावर बंदच. उघड्या गाडीत वाऱ्याबरोबर खडे, किडे, धूळ थेट डोळ्यांत जाते. बुबुळावर ओरखडा पडलेली कुत्री आमच्याकडे येतात, आणि ते फार दुखतं. लोंबते कान असतील तर तासन्‌तास फडफडून कानाच्या पाळीत रक्त साकळू शकतं. गावातून सावकाश जाताना थोडा वेळ उघडलं तर हरकत नाही, पण कुत्र्यांचा गॉगल घालून, आणि त्याची सवय घरी आठवडाभर लावून.

आता उन्हाचं, कारण तुमचं छत कापडी आहे म्हणून आत गार राहील असं वाटू शकतं. कुत्र्याला घामाने अंग थंड करता येत नाही, ते धापा टाकूनच उष्णता बाहेर टाकतं. बंद गाडी उन्हात किती तापते, याचा २००५ साली 'पेडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात अभ्यास आला होता. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं, त्यातलं ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासातच, आणि काचा थोड्या खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. म्हणून चहाला थांबलात तर तो तुमच्याबरोबर बाहेर. एकट्याला गाडीत ठेवायचं नाही, पाच मिनिटंही नाही.

निघायच्या आधी तीन-चार तास पोटभर खाणं देऊ नका, पाणी मात्र द्या. उलटीचा त्रास असेल तर त्यासाठीचं औषध डॉक्टरांना विचारा, माणसाची गोळी देऊ नका.

अबोली_रोडस्टर
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

पाना_बावीस, ते कुलूप आहे! इतकी वर्षं रोज डोळ्यांसमोर होतं आणि मी ते रेडिओचं काहीतरी समजत होते. फिरवलं, दिवा लागला, दोन दिवस बघतेय, लागलेलाच राहतो. छातीचा घेर ८१ सेंटिमीटर निघाला, त्या मापाचा हार्नेस मागवलाय. आता उरला गियरचा प्रश्न. पट्टा बांधला तरी तो माझ्याकडे सरकणारच, त्याला अंगाला अंग लागतं.

पाना_बावीस
ती सीट पूर्ण मागे घ्या, पाठ थोडी कलती करा. पायांच्या खड्ड्यात सीटच्या उंचीला येईल असा कडक फोमचा ठोकळा बसवा, म्हणजे त्याला पुढे सपाट जागा मिळेल आणि तो बसण्याऐवजी आडवा होईल. आडवं झालेलं कुत्रं गियरवर येत नाही. ठोकळा पायाने जोर लावूनही हलता कामा नये. बेल्ट ओवल्यावर पूर्ण बाहेर ओढून सोडून बघा. बऱ्याच गाड्यांत तो मग फक्त आत जातो, बाहेर सुटत नाही. तसं असेल तर त्याला सरकायला जागाच राहणार नाही. आणि काचेचं बटण त्याच्या पंजाखाली येत नाही ना, तेही बघा.

डिकी लहान आहे, त्यात स्टेपनी आणि बॅटरीही. मऊ पिशव्या न्या, कडक बॅग नको. त्याचं सामान आधी भरा, तुमचं उरलेल्या जागेत.

अबोली_रोडस्टर
पोचलो. काल.

त्याआधी दहा दिवस रोज सराव केला. पहिले दोन दिवस गाडी सुरूच केली नाही, नुसतं बांधून बसायचं आणि उतरायचं. मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग पाच किलोमीटर, मग पंचवीस. चौथ्या दिवशी त्याने स्वतःहून फोमवर डोकं टेकवलं. मागचे पाय सीटवर, छाती ठोकळ्यावर आणि शेपूट दाराकडे. त्या दिवशी मी पाचही गियर खालून वर, वरून खाली दोनदा बदलून पाहिले. दांडा मोकळा होता.

पहाटे पावणेपाचला निघालो, ऊन चढायच्या आत दोन तृतीयांश अंतर संपावं म्हणून. दर सव्वा तासाला थांबले, पट्टा लावून दहा मिनिटं चालवलं, नाहीतर खुबा आखडतो. तिसऱ्या थांब्याला तो उतरताना लंगडला, तेव्हा माझा जीव खालीवर झाला. तिथे अर्धा तास सावलीत काढला आणि मांडी हलक्या हाताने चोळली. मग नीट चालला. छत पूर्ण रस्ताभर बंद ठेवलं. शेवटच्या वस्तीत आल्यावर दहा मिनिटं उघडलं. गॉगल घालून त्याने नाक वर केलं आणि नाकपुड्या नुसत्या हलत होत्या.

एकदा समोरच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला आणि मलाही दाबावा लागला. बंड्या जागचा बोटभरही हलला नाही. रविवारच्या त्या फेऱ्यात असं झालं असतं तर तो काचेवर गेला असता, हे रात्री झोपताना सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

एकच त्रास झाला. पुढच्या पायाच्या बगलेत हार्नेसचा पट्टा घासून रुपयाएवढ्या जागेचे केस गेलेत, कातडी लाल झाली आहे. परतीला दीड महिना आहे. तिथे आतून मऊ कापड शिवून घेऊ का?

श्वानसखी
शिवू नका. सुई टोचली की पट्ट्याची वीण कमजोर होते आणि चाचणी झालेला हार्नेस तसा राहत नाही. फ्लीसची नळी शिवून ती पट्ट्यावरून नुसती सरकवा, वेल्क्रोने बंद होणारी. बगलेतला पट्टा कोपरापासून चार बोटं मागे येतोय का तेही बघा, बहुतेक तो पुढे आलाय. लाल जागा रोज कोमट पाण्याने पुसून कोरडी ठेवा, त्याला चाटू देऊ नका. दोन दिवसांत ओली वाटली किंवा वास आला तर तिथल्या डॉक्टरांना दाखवा. आणि बहिणीची तब्येत कशी आहे?