अर्धवट राहिलेल्या व्हिडिओ गेम्सचा अनुशेष : आपले अनुभव लिहा

‘अनुशेष’ हा शब्द आपल्या कानावर पडतो तो बहुधा विदर्भ-मराठवाड्यातील सिंचनाच्या संदर्भात. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीमुळे तो वर्तमानपत्रांत रुळला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना त्याचे ‘बॅकलॉग’ हे रूप अधिक जवळचे, आणि त्याच्या आठवणी काही गोड नसतात. माझा अनुशेष तिसऱ्याच प्रकारचा आहे. मागच्या महिन्यात मी स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानावरील स्वतःचा सगळा संग्रह एका वहीत उतरवून काढला, तेव्हा एकूण १४३ गेम्स निघाले. त्यांपैकी ६१ मी एकदाही उघडलेले नाहीत, ४४ मध्येच सोडलेले आहेत आणि शेवटापर्यंत गेलेले केवळ ३८ आहेत.

हे साचले कसे, ते सांगणे अवघड नाही. २०१५ च्या अखेरीस स्टीमवर किमती रुपयांत दिसू लागल्या आणि उन्हाळी सेलमध्ये दीड-दोनशे रुपयांना मिळणारी वस्तू नाकारणे मला जमेनासे झाले. पुढे एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाने गेम्स फुकट वाटायला सुरुवात केली. मे २०२० मध्ये तर ‘जीटीए ५’ सुद्धा फुकट मिळाला. माझी वही फक्त स्टीमची आहे; एपिकचा ढीग मोजण्याचे धाडस मी अद्याप केलेले नाही.

वेळ मिळत नाही, हे कारण मी स्वतःला अनेक वर्षे देत आलो. वही भरताना मात्र लक्षात आले की अर्धवट सोडलेल्या खेळांकडे मोकळ्या सुट्टीतही मी फिरकलेलो नाही, कारण खरी अडचण परत जाण्याची आहे. ‘विचर ३’ मी २०१६ साली घेतला, वेलेनच्या दलदलीतील बॅरनचे प्रकरण निस्तरून नोविग्राड शहरात पोचलो आणि तिथेच नोकरी बदलल्यामुळे तो थांबला, तो तीन वर्षे. पुन्हा उघडला तेव्हा डँडेलायन या कथेतील शाहिराच्या आवाजात आतापर्यंतच्या कथेचा गोषवारा ऐकू आला, त्यामुळे कथा आठवली. परंतु बोटांना काहीही आठवत नव्हते. चकवा देण्याचे बटण कोणते आणि कोलांटी घेण्याचे कोणते, क्वेन हे संरक्षक जादूचे चिन्ह कुठून निवडायचे, यांतले काहीच न समजल्याने पहिल्याच चकमकीत मी मेलो. शेवटी पहिल्या दोन संध्याकाळी कथेला हातच लावायचा नाही, नदीकाठच्या सामान्य भुतांशी लढून केवळ हात बसवायचा, असे ठरवले आणि तिसऱ्या दिवशी गाडी रुळावर आली.

आपण कोणता खेळ कुठे सोडलात, परत गेलात तर कसे गेलात आणि गेला नसाल तर का, हे सविस्तर लिहावे. कोणते खेळ चांगले याच्या याद्या येथे नकोत.

*

मी नाशिकला राहते, नोकरी करते आणि मुलगा सहा वर्षांचा आहे. रात्री तो झोपल्यानंतर मला साधारण चाळीस मिनिटे मिळतात, तीही सलग मिळतील याची खात्री नसते. त्यामुळे मला वरील निवेदनातील ‘वेळ हे कारण नाही’ हा सूर सरसकट मान्य नाही. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ मी मोठ्या हौसेने घेतला होता. परंतु त्याचा बर्फातला पहिला अध्याय सरता सरत नाही आणि मोहीम चालू असताना स्वतःहून सेव्ह करता येत नाही. दोनदा मुलगा रडत उठला, दोनदा मोहीम अर्ध्यात सोडावी लागली आणि तिसऱ्यांदा पुन्हा तेच घोडे हाकण्याचा मला कंटाळा आला.

मग मी खेळाच्या लांबीऐवजी तो किती लहान तुकड्यांत खेळता येतो, हे पाहू लागले. ‘सेलेस्ट’ या २०१८ च्या खेळात डोंगर चढायचा असतो आणि प्रत्येक पडदा ही एक स्वतंत्र परीक्षा असते. तो ओलांडला की पुढच्या मरणानंतर आपण तेथूनच उभे राहतो. मॅडेलीन ही त्यातील मुलगी माझ्या हातून शेकडो वेळा पडली असेल, पण पंधरा मिनिटांत दोन पडदे ओलांडले तरी त्या दिवसाचे काम झाले असे वाटे. अखेरच्या चढणीवर मात्र मी सहायक पर्याय वापरून खेळाची गती ऐंशी टक्क्यांवर आणली. माझ्या धाकट्या भावाच्या मते ही लबाडी आहे. ती सोय खेळ करणाऱ्यांनीच खेळात ठेवलेली आहे, आणि त्याच्याजवळ रात्री अकरानंतर उठणारे मूल नाही, एवढेच मी त्याला सांगितले.

*

माझा अनुशेष स्टीमच्या आधीचा आहे. २००३-०४ च्या सुमारास आमच्या तालुक्याच्या गावी बसस्थानकामागे एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये दर होता आणि घरी संगणक असणे ही डॉक्टरांच्या मुलांची गोष्ट होती. ‘व्हाइस सिटी’मध्ये प्रगती जतन करण्यासाठी आठच जागा असतात. त्या एका यंत्रावर आम्ही किमान वीस मुले खेळत असू, त्यामुळे कोण कोणाची जागा पुसून टाकील याचा नेम नसे. सातवी जागा माझी, असा आमच्यात तोंडी करार होता आणि तो दर शनिवारी मोडला जाई.

त्यातील खेळण्यातल्या हेलिकॉप्टरची मोहीम ज्यांनी खेळली आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत त्या इवल्याशा हेलिकॉप्टरने एकेक करून चार बाँब वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवायचे, घड्याळ उलटे धावत असते, मजूर अंगावर धावून येतात आणि संख्यांच्या कळफलकावर चालणारे ते यान एकदा जिन्यात अडकले की अडकलेच. माझे कित्येक वीस रुपये त्या जिन्यात गेले. एक मुलगा मोबदल्यात सामोसा घेऊन दुसऱ्यांची ती मोहीम पार करून देत असे. माझ्या स्वाभिमानाला ते मानवले नाही. बारावीनंतर गाव सुटले आणि ती मोहीम तशीच राहिली.

‘प्रोजेक्ट आयजीआय’चेही तेच झाले. त्यात मोहीम चालू असताना सेव्ह करण्याची सोयच नव्हती, त्यामुळे पाऊण तास सरपटत, कॅमेरे चुकवत जायचे आणि शेवटी मनोऱ्यावरच्या एका पहारेकऱ्याच्या गोळीने सगळे पुन्हा पहिल्यापासून. चौदा मोहिमांपैकी मी नवव्यापर्यंत पोचलो होतो. तासाचे पैसे संपले की मालक पडदा बंद करी, तेव्हा मोहीम कुठे आली आहे याची त्याला फिकीर नसे.

२०२० च्या टाळेबंदीत घरी बसून असताना मी दोन्ही पुन्हा घेतले. हेलिकॉप्टरची ती मोहीम मी तिसऱ्या प्रयत्नात पार केली, कारण घड्याळ पहिला बाँब उचलल्यावरच सुरू होते, तोपर्यंत पंख्याच्या पात्याने मजूर निवांत दूर करता येतात, ही साधी गोष्ट मला पस्तिसाव्या वर्षी उमगली. तासाला वीस रुपये मोजताना थांबून पाहणे परवडत नसे, म्हणूनच ती तेव्हा दिसली नसावी. ‘आयजीआय’ मात्र मी चौथ्या मोहिमेवरच सोडला आणि या वेळी मला त्याचे वाईट वाटले नाही.

*

मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. परत जाण्याचा प्रश्न सर्वच खेळांत सारखा नसतो, एवढीच भर घालतो. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये १८०७ सालच्या एका जहाजावरील साठ माणसांचे काय झाले, हे आपण शोधून नोंदवायचे असते आणि तिघांचे प्राक्तन अचूक लिहिल्याशिवाय खेळ आपल्याला काहीही खात्री देत नाही. मी तो एकवीस नावांवर सोडला आणि आठ महिन्यांनी उघडला. खेळातील वहीत माझ्या नोंदी जशाच्या तशा होत्या. परंतु अमुक खलाशी अमुक देशाचा असावा हा संशय मला कशावरून आला होता, कोणाच्या झोळीचा क्रमांक मी मनात धरून ठेवला होता, हे सगळे डोक्यातच होते आणि डोक्यातून गेले होते. अशा खेळात हात बसवण्यासारखे काहीच नसते. मी सर्व पुसून पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी शेजारी खरीखुरी वही ठेवली आणि दहा दिवसांत साठही नावे पूर्ण केली.

*

‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ संपला असे केव्हा म्हणायचे, हे कोणी मला सांगावे. खेळातील तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या पहाटे आजोबा येऊन शेताचे मूल्यमापन करतात, म्हणून मी तोच शेवट धरला होता. ते आले, चारपैकी तीन मेणबत्त्या लागल्या, ते गेले आणि दुसऱ्या दिवशी गाईंना वैरण घालायची होतीच. माझ्या यादीत हा खेळ चार वर्षे ‘चालू’ या रकान्यात आहे.

*

मी बँकेत नोकरी करतो, त्यामुळे या विषयाकडे माझी दृष्टी थोडी कोरडी आहे. माझे ४५ गेम्स अर्धवट होते. प्रत्येकी सरासरी तीस तास धरले तर १३५० तास होतात. आठवड्याला पाच तास देऊ शकतो म्हटले तर २७० आठवडे, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ, आणि तोही मधल्या काळात एकही नवा खेळ न घेता. हा हिशेब कागदावर मांडल्यानंतर मी आमच्याच कार्यालयातला नियम घरी लागू केला. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादित ठरते; त्याचप्रमाणे नव्वद दिवस न उघडलेला खेळ मी वेगळ्या कप्प्यात टाकतो, तेथे त्याला एक संध्याकाळ देतो आणि त्या संध्याकाळी उठावेसे वाटले तर त्याचे निर्लेखन करतो. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, हे आम्ही ग्राहकांना नेहमी समजावतो. खेळ खात्यात राहतोच, फक्त ताळेबंदात दिसत नाही. आतापर्यंत ३१ निर्लेखित झाले, ९ पूर्ण झाले आणि ५ वर अद्याप वसुली चालू आहे. ‘एल्डन रिंग’ निर्लेखित केला तेव्हा मन चरकले होते, हे मान्य करतो. मार्गिट या पहिल्याच मोठ्या शत्रूने मला पुढे जाऊ दिले नव्हते.

*

पुण्यात राहून पुण्यातच तयार झालेला ‘राजी’ हा खेळ मी २०२० साली केवळ आपल्या लोकांना पाठिंबा म्हणून घेतला आणि तीन वर्षे उघडला नाही. पाठिंबा देऊन झाला, मग खेळायचे कशाला, अशी काहीशी माझ्या मनाची समजूत झाली असावी. दिवाळी अंकांचेही माझे असेच होते. गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत तो दोन बैठकांत संपला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, हातात त्रिशूळ, तिच्या धडपडीवर आपसांत बोलणारे दुर्गा आणि विष्णू, मधूनमधून छायाबाहुल्यांच्या पद्धतीने सांगितलेल्या कथा, हे सर्व मला फार आवडले. लढाईची हालचाल काही ठिकाणी अडखळते आणि शेवट घाईने उरकल्यासारखा वाटतो, हेही खरे आहे. पण ही तक्रार करण्याचा अधिकार मला तीन वर्षांपूर्वीच मिळवता आला असता.

*

माझे वय ६१ आहे आणि माझ्या अनुशेषात एकच खेळ आहे. १९९३ च्या सुमारास कार्यालयातील संगणकावर जेवणाच्या सुट्टीत आम्ही ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळत असू. राजकन्येला सोडवण्यासाठी साठ मिनिटे मिळतात; खेळ जतन करता येतो, पण त्याबरोबर उरलेली मिनिटेही जतन होतात, त्यामुळे संथपणे आलेल्या माणसाला परत येऊनही काही लाभ नसतो. निवृत्तीनंतर मुलीने तो मला लॅपटॉपवर लावून दिला. चौथ्या पातळीवर आरशातून उडी मारताना निघालेली आपलीच छाया बाराव्या पातळीवर तलवार उपसून समोर येते. तिला वार केला की तो आपल्यालाच लागतो. तलवार म्यान करून सरळ तिच्या अंगावर चालत जायचे असते, हे आमच्या वेळी कोणालाही ठाऊक नव्हते आणि आमचे एक सहकारी तेथे नऊ वेळा मेले होते. परवा मी तेवढे पार केले. तेव्हा पडद्यावर दोन मिनिटे शिल्लक होती आणि खलनायक जाफर अजून पुढे होता. ती जतन केलेली फाइल आता निरुपयोगी आहे. तिसऱ्या पातळीवर माझी तीन मिनिटे विनाकारण जातात असे मला दिसून आले आहे, तेव्हा उद्या सकाळी फिरून आल्यावर पहिल्या तळघरापासून पुन्हा सुरुवात करीन.