'शून्य परिकल्पना': यातलं शून्य कुठलं?

एमएडवाली
प्रबंधाचं चौथं प्रकरण लिहितेय. परिकल्पना म्हणजे तपासायला मांडलेला दावा. दोन गटांच्या मध्यमानांत, म्हणजे सरासऱ्यांत, फरक नाही, म्हणजे फरक शून्य, म्हणून 'शून्य परिकल्पना', इथवर ठीक. पण एकाच सरासरीची चाचणी असेल तर? 'निरोगी माणसाचं सरासरी तापमान ९८.६ अंश फॅरनहाइट असतं' हीसुद्धा म्हणे शून्य परिकल्पनाच. यात शून्य कुठाय? एका जुन्या प्रबंधात 'निराकरणीय परिकल्पना' असंही वाचलं. कुठला शब्द घ्यावा?

नमुनेदार
शून्य आहे, फक्त दडलंय. खऱ्या सरासरीतून ९८.६ वजा केले तर बाकी शून्य उरते, असा तो दावा. पण हे ओढूनताणूनच. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या पुस्तकात 'नल हायपोथिसिस' हा शब्द रूढ केला, तेव्हाच बजावलं होतं की ही परिकल्पना कधी सिद्ध होत नाही, झालीच तर खोटी ठरते. कायद्यातल्या 'नल अँड व्हॉइड'ला आपण 'रद्दबातल' म्हणतो, त्यातला हा 'नल', असं बरेच जण मानतात. रद्द करता येते का ते बघायलाच ती मांडायची. त्या हिशेबानं 'निराकरणीय' अर्थाला जास्त धरून आहे. उच्चारायला मात्र जड, त्यामुळे 'शून्य'च टिकेल. रूढ झालाय तर वापरा.

उदाहरण छान निवडलंत. ३७ अंश सेल्सिअस हा आकडा रूढ झाला तो कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांच्या १८६८ च्या ग्रंथामुळे. ते काखेत थर्मामीटर लावत. ३७ चं फॅरनहाइटमध्ये रूपांतर केलं की नेमके ९८.६ येतात, आणि तो दशांश बघून उगाच वाटतं की काय बारकाईनं मोजलंय! १९९२ मध्ये अमेरिकेत फिलिप मॅकोविएक आणि सहकाऱ्यांनी १४८ निरोगी लोकांची तोंडातली तापमानं घेतली, सरासरी आली ९८.२.

बोरू
आमच्या काळी 'गृहीतक' म्हणत. ते का सोडलं?

नमुनेदार
काही पुस्तकांत अजून आहे. मला पटत नाही, कारण ती जागा आधीच भरलेली आहे. युक्लिडची गृहीतकं आपण मान्य करून पुढे जातो, तपासत नाही. संख्याशास्त्रातही तशी असतात: नमुना यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा आहे, एक नोंद दुसरीवर अवलंबून नाही, वगैरे. तपासायची ती परिकल्पना, धरून चालायचं ते गृहीतक. एमएडच्या प्रबंधांत तर 'संशोधनाची गृहीतके' आणि 'संशोधनाच्या परिकल्पना' असे दोन वेगळे मथळेच असतात.

एमएडवाली
हो, आमच्या आराखड्यात तसंच आहे. मग पुढचं वाक्य सगळ्या प्रबंधांत साच्यातून काढल्यासारखं: 'प्राप्त टी मूल्य सारणी मूल्यापेक्षा जास्त आहे, म्हणून शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येतो.' कमी आलं तर 'स्वीकार करण्यात येतो.'

नमुनेदार
'त्याग' ऐकून परिकल्पना वनवासाला निघाल्यासारखी वाटते, पण ते चालेल. 'फेटाळली' जास्त बरं. माझं भांडण 'स्वीकार'शी आहे.

तापमानाचंच बघा. मॅकोविएक यांच्या अभ्यासावर बेतलेली १३० जणांची आकडेवारी ॲलन शूमेकर यांनी १९९६ मध्ये शिकवण्यासाठी दिली, ती अजून वर्गांत वापरतात. सरासरी ९८.२५, प्रमाण विचलन, म्हणजे नोंदी सरासरीभोवती किती पसरल्यात त्याचं माप, ०.७३. प्रमाण विचलनाला १३० च्या वर्गमुळानं, म्हणजे ११.४ नं भागलं की ०.०६४ येतात. ही सरासरीची प्रमाण त्रुटी: १३० जणांचे असे अनेक नमुने घेतले तर त्यांच्या सरासऱ्या साधारण एवढ्या मागेपुढे होतील. आपला फरक ०.३५ चा, म्हणजे प्रमाण त्रुटीच्या जवळजवळ साडेपाच पट. हेच टी मूल्य, खरं तर उणे ५.५. सारणी म्हणजे फेटाळायची हद्द देणारा तक्ता; पाच टक्के पातळीला तीत १.९८ आहे. उणे चिन्ह सोडून तुलना करायची. ९८.६ फेटाळलं.

आता समजा सरासरी तीच, विचलन तेच, पण माणसं दहाच. प्रमाण त्रुटी ०.२३ होते, टी उणे दीडच्या आसपास, आणि सारणीतलं मूल्य २.२६. फेटाळता येत नाही. 'म्हणून ९८.६ चा स्वीकार' असं लिहिणार? मग त्याच दहा जणांवर ९८.३ ची परिकल्पना तपासा. तीही फेटाळता येत नाही. दोन्हींचा स्वीकार केलात, तर सरासरी एकाच वेळी ९८.६ पण आणि ९८.३ पण!

बोरू
कोर्टाच्या बातमीत 'पुराव्याअभावी सुटका' लिहितात, तसंच ना? सुटला, पण धुतल्या तांदळासारखा आहे असं कुणी म्हटलं नाही.

नमुनेदार
अगदी. म्हणून 'फेटाळण्याइतका पुरावा मिळाला नाही' असं लांबलचक का होईना, लिहावं.

चिवडा
मध्येच घुसतो. 'सार्थक'बद्दलही बोला कुणीतरी. '०.०५ स्तरावर सार्थक फरक' वाचलं की लोकांना वाटतं फरक मोठा आहे. वरचा फरक जेमतेम पाव-अर्ध्या अंशाचा. टी साडेपाच असलं तरी तेवढ्यावरून कुणी औषध बदलणार नाही. तसंच ०.०५ म्हणजे 'परिकल्पना खरी असण्याची शक्यता पाच टक्के' असंही छापून येतं, तेही चूक. परिकल्पना खरी *धरली*, तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता, ते पी मूल्य. ते ०.०५ च्या खाली गेलं की फेटाळायचं, एवढाच करार.

एमएडवाली
'सार्थक'ला पर्याय?

चिवडा
'लक्षणीय' तर आणखी वाईट, त्यात मोठेपणा शब्दाच्या अर्थामध्येच आहे. 'सार्थ' किंवा 'सार्थक'च ठेवा, पण शेजारी फरक किती अंशांचा, किती गुणांचा, तो आकडा द्याच. एकटं टी मूल्य छापू नका.

बोरू
आणि सरासरीला काय म्हणायचं? दहावीच्या पुस्तकात 'मध्य', तुमच्याकडे 'मध्यमान', हिंदीवाले 'माध्य'.

एमएडवाली
मार्गदर्शक 'मध्यमान'वर ठाम आहेत. तिथे माझं काही चालणार नाही.

नमुनेदार
चालू द्या. पण ज्यांच्याबद्दल दावा करायचा त्या सगळ्यांना 'जनसंख्या' लिहीत असाल तर 'समष्टी' करा. उद्या कुणी बल्बच्या आयुष्याची चाचणी घेतली तर बल्बची जनसंख्या म्हणायची का!

चिवडा
एक राहिलं. मॅकोविएक यांच्या अभ्यासात माणसं १४८, नोंदी ७००. टी काढताना ७०० हा आकडा सरळ घालायचा मोह होतो. एकाच माणसाच्या नोंदी एकमेकींशी जुळत्या असतात, म्हणजे स्वतंत्रतेचं गृहीतकच कोसळतं आणि टी उगाच फुगतं. ताई, तुमच्या विद्यार्थ्यांचे एकाच चाचणीचे तीन-तीन प्रयत्न असतील, तर आधी प्रत्येकाची सरासरी काढा, मग चाचणी लावा.

एमएडवाली
तीन नाहीत, दोन आहेत. पण मी दोन्ही वेगवेगळे मोजले होते. आज रात्री सगळी कोष्टकं परत.