मदत हवी आहे: त्सुमागोमध्ये शाकाहारी जेवण

नोव्हेंबरात आईबाबांसोबत जपानच्या किसो खोऱ्यात जातेय. नागोयाहून नाकात्सुगावा, बसने मागोमे, मग जुन्या नाकासेन्दो वाटेने आठेक किलोमीटर चालत त्सुमागो. मुक्काम तिथेच, मिन्शुकूत, म्हणजे घरगुती निवासात. दिवसभराचे पर्यटक परतल्यावरचं शांत गाव आईला बघायचंय, त्यामुळे नागोयाला राहा असं कृपया सुचवू नका.

अडचण जेवणाची. आई मासे-अंडी अजिबात खात नाही आणि मिसो सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत सगळ्यात सुक्या माशाचं दाशी (उकळून काढलेलं पाणी) असतं. तिथल्या मिन्शुकूंना जपानीत ईमेल पाठवून पाहिले. एकांनी नम्रपणे नकार दिला, दुसरे म्हणाले मासा काढू, दाशी राहील. संध्याकाळी तिथली दुकानं लवकर बंद होतात. थेपले, चटणी, इन्स्टंट उपमा सोबत नेणारच आहोत.

फक्त खोली घेऊन स्वतःचं जेवण खोलीत खाल्लेलं तिथे चालतं का, की कोम्बूच्या (समुद्री शेवाळाच्या) दाशीत रांधून देणारं एखादं घर त्सुमागोत कुणाला माहीत आहे?