कॉन्करंट म्हणजे ‘एकाच वेळी’ का?

पाटीपेन्सिल: डिप्लोमाच्या मुलांसाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या टिपा मराठीत करते आहे. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममधला कामाचा एक स्वतंत्र ओघ. ‘दोन थ्रेड कॉन्करंटली चालतात’ याचं ‘दोन धागे एकाच वेळी चालतात’ असं केलं. वर्गात एका मुलीने हटकलं, ‘मॅडम, जीआयएलमुळे, म्हणजे पायथनच्या आतल्या त्या कुलपामुळे, एका क्षणी एकच थ्रेड चालतो असं तुम्हीच शिकवलंत ना?’ बरोबर होतं तिचं. ‘समांतर’ मी पॅरललला आधीच देऊन बसले आहे. मग इथे काय लिहू?

शब्दवेल्हाळ: समवर्ती. राज्यघटनेत समवर्ती सूची आहे. तयार शब्द सोडून वणवण कशाला?

हातमाग: त्या सूचीतल्या विषयांवर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात. पाळी लावण्याचा अर्थ त्यात कुठे आहे? शिवाय अमरकोशात समवर्ती हे यमाचं नाव आहे. सरळ ‘आळीपाळीने’ लिहा.

पाटीपेन्सिल: तेही पुरतं बसत नाही हो. एक थ्रेड ‘अ’ छापतो, दुसरा ‘ब’. पाळी ठरलेली असती तर दरवेळी अबअब आलं असतं. माझ्याकडे कधी अअब येतं, कधी बअअ.

शब्दवेल्हाळ: आणि पायथन ३.१३ पासून जीआयएल नसलेली आवृत्तीही मिळते. तिथे खरंच एकाच वेळी चालतील. तेव्हा पुन्हा शब्द बदलणार?

हातमाग: मुळात ‘धागा’च चुकलाय. धागा सुटा असतो. हे पेड आहेत. मुलीची तिपेडी वेणी घालताना बघा, हात एका वेळी एकच पेड मधे आणतो, बाकीचे दोन बोटांत धरलेले असतात. आणि केस एकाच डोक्याचे, जशी सगळ्या थ्रेडची मेमरी एकच.

तळकोकण: पेड फार आवडला! त्यावरून आठवलं, पडद्यामागे गुपचूप चालणाऱ्या डीमन प्रोग्रॅमला कुणीतरी ‘राक्षस’ केलेलं वाचलं, वाईट वाटलं. एमआयटीत १९६३ च्या सुमारास हा शब्द घेतला तो भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने कल्पिलेल्या डीमनवरून, आणि ग्रीक डायमोन दुष्ट नव्हे. आमच्या आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो. त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात, फिरून फिरून त्यांचे तळ झिजतात अशी श्रद्धा आहे. ‘राखणदार’ म्हणा.

पाटीपेन्सिल: पण पायथनमध्ये डीमन म्हणून लावलेला थ्रेड मुख्य प्रोग्रॅम संपला की अर्ध्यातच तुटतो. राखणदार असा सोडून जाईल?

तळकोकण: तो थ्रेड वेगळा. मी बोलतोय सर्व्हरवर दिवसरात्र जागून ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या क्रॉनसारख्या प्रोग्रॅमबद्दल. पायथनने तो शब्द थ्रेडला लावायलाच नको होता.

शब्दवेल्हाळ: गाव असेपर्यंतच राखणदार, यात चूक काय? माझा आक्षेप पेडला आहे. पेड घालतात. ‘पेड चालतो’ असं कोण म्हणतं?

हातमाग: धागा तरी कुठे चालतो? माझ्या आजीच्या तोंडी ‘पेड सुटला’, ‘पेड ओढला’ होतं. क्रॅश झालेल्या थ्रेडला ‘पेड सुटला’ म्हणून बघा एकदा.